कॅमेऱ्याला कोणी हात लावला?

२ जानेवारी

पोहोचलो एकदाचे. लाकडी घर, दोन खोल्या, एक शेगडी आणि पुढे काचा लावलेली पडवी. पडवीत एवढा गारठा की बोलताना तोंडातून वाफा निघतात. कॅमेऱ्यांचा मुक्काम तिथंच. गारठलेला कॅमेरा एकदम उबेत आणला की भिंगावर दव धरतं आणि मग पुसत बसायची वेळ येते, म्हणून माझा जुना नियम आहे: माणसं आत, कॅमेरे बाहेर. हे म्हणाले, "बरं झालं. निदान झोपायच्या बाबतीत तरी माझा नंबर कॅमेऱ्याच्या आधी लागला." मी हसले नाही. प्रवासानं कंबर धरली होती.

कशासाठी आलो ते लिहून ठेवते, म्हणजे मध्येच मन डळमळलं तर वाचता येईल. माझं लांडग्यांचं पुस्तक तयार आहे. झोपलेले लांडगे, भांडणारे लांडगे, पिल्लांची तोंडं चाटणारे लांडगे, सगळं आहे. फक्त शेवटची समोरासमोरची दोन पानं रिकामी आहेत आणि तिथं बर्फातली शिकार हवी. इतकी वर्षं या जनावरांच्या मागे फिरले, पण प्रत्यक्ष शिकार एकदाही हाती लागली नाही. मी जाते तेव्हा हाडं शिल्लक असतात. प्रकाशक म्हणतो, महिनाअखेरपर्यंत द्या, नाहीतर तिथं सूर्यास्त टाकू. लांडग्यांच्या पुस्तकाच्या शेवटी सूर्यास्त! आणि माझ्या गुडघ्यांनी मला आधीच कळवून टाकलंय की पुढच्या हिवाळ्यात आम्ही येणार नाही. तेव्हा जे काय व्हायचं ते याच खेपेला.

वाटाड्या नेहमीचाच. भला माणूस आहे, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. लांडग्याला लांडगा म्हणत नाही, 'पाहुणे' म्हणतो. नाव घेतलं की येत नाहीत म्हणे. मी त्याची ताई, म्हणून हे त्याचे भाऊजी.

शेजारच्या घरात आणखी एक फोटोग्राफर उतरलाय. सगळे त्याला लाल टोपी म्हणतात. टोपी मला तरी विटकरी दिसली. धूत नसेल.

संध्याकाळी कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला तर सगळं धुरकट! खिडकीच्या बाजूला एक बारीक चाक असतं. ज्याची जशी नजर तसं ते फिरवून घ्यायचं, चष्म्याचा नंबर जुळवावा तसं. मी फिरवत गेले, पार टोकाला नेलं, तेव्हा कुठं जरा बरं दिसायला लागलं. याचा अर्थ सरळ आहे. कोणीतरी माझा कॅमेरा वापरला आणि ते चाक आपल्या नजरेला लावून घेतलं. जाड नंबरवाल्या कोणीतरी.

या घरात जाड चष्मा एकाचाच आहे. यांचं सगळं आयुष्य डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं. माझ्या डोळ्यांची मात्र उलटी तऱ्हा. साठी आली आणि वाचायचा चष्मा सुटला! ही डायरीसुद्धा मी बिनचष्म्याची लिहितेय. लेकीनं निघायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माझं नाव घातलं होतं, ते मी काढून टाकायला लावलं. चष्मा सुटलेल्या बाईनं डॉक्टरकडे जाऊन काय करायचं, गप्पा?

३ जानेवारी

आज पहिल्यांदा तळ्यावर गेलो. तळं गोठून दगड झालंय. पलीकडच्या उतारावरून हरणं खाली उतरतात, आणि पाहुणे शहाणे, ते हरणांना उतारावर धरतच नाहीत, हाकलत हाकलत तळ्यावर आणतात. बर्फाच्या काचेवर खूर घसरला की संपलं. शिकार होईल ती तिथंच, आम्ही लपून बसतो त्या आडोशाच्या अगदी समोर. 

पण या वर्षी बर्फाचा रंग बरा नाही. पिवळट आहे. वाटाड्याला विचारलं तर तो माझ्याकडे बघत राहिला. हे म्हणाले, "ऊन पडलंय ना, म्हणून." ऊन काय मी पहिल्यांदा बघतेय? निघायच्या आधी भिंग साफ करायला दुकानात दिलं होतं. तिथल्या त्या गोडबोल्या माणसानं माझं भिंग ठेवून घेऊन दुसरं गळ्यात मारलेलं दिसतंय.

दुपारी फोटो बघितले. एक धड नाही. सगळी हरणं लोकरीची. चाक पुन्हा फिरवलेलं असणार. आता टोकाला जिथं बरं दिसतं तिथं नखांच्या रंगाचा ठिपका दिला आहे. कोणी चाक हलवलं तर ठिपका हलेल. बघू बेट्याला.

यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अगं, पण चाक टोकाला नेलं कोणी? तूच ना?" म्हटलं, विषय बदलू नका.

५ जानेवारी

ठिपका जागच्या जागी आणि खिडकीतून मात्र धुकं! म्हणजे चोर साधासुधा नाही. ठिपका बघून, काम झाल्यावर चाक पुन्हा जागेवर आणून ठेवण्याइतका हुशार आहे. इतक्या बारीक कामाला घड्याळजीचाच हात हवा.

हे लिहिताना मलाच कसंसं होतंय. इतक्या वर्षांचा संसार. पण डोळ्यांनी पाहिलं तेही लिहायला हवं. दुपारी मी लाकडं आणायला मागे गेले होते. परत येते तो पडवीत हे आणि लाल टोपी डोक्याला डोकं लावून उभे, मध्ये माझा कॅमेरा. मी दाराआड थांबले. लाल टोपी म्हणत होता, "एवढंच करायचं, काका. आवाजही बंद करून ठेवलाय." आणि हे म्हणाले, "तिला कळता कामा नये."

मी खोकले. दोघं असे दचकले की बस. लाल टोपी म्हणाला, "मॅडम, तुमचा कॅमेरा किती जड आहे हो, काकांना म्हटलं बघू तरी." आणि सटकला. हे शेगडीत लाकडं घालायला लागले. शेगडी आधीच भरलेली होती.

६ जानेवारी

उलटतपासणी घेतली. "काय बोलत होता त्याच्याशी?" "हवापाण्याचं." "हवापाण्यात मला न कळण्यासारखं काय होतं?" यावर हे म्हणाले, "तू चहा सांडतेयस." खरंच कपाच्या बाहेर ओतत होते. बोलता बोलता माझं लक्ष उडवायचं, ही यांची जुनी खोड.

८ जानेवारी

मिळाले! शिकार नाही, पण पाहुणे मिळाले. सकाळी सगळा कळप एका ओळीत तळ्याच्या काठानं चालत गेला. संध्याकाळी फोटो बघितले तर एकेक केस मोजून घ्यावा असे आलेत. पुढच्या मादीच्या मिशांवरचं गोठलेलं दव दिसतंय. मी नेहमीप्रमाणे हातानंच फोकस केला. भिंगाला एक बटण असतं, ते वर केलं की कॅमेरा स्वतःच फोकस धरतो, खाली केलं की सगळं हातावर. माझं बटण कायम खाली. आपोआपच्या नादाला लागणाऱ्यांचा कॅमेरा ऐन वेळी लांडगा सोडून पडणाऱ्या बर्फावर किंवा पुढच्या काटकीवर फोकस धरतो, हे मी कितीदा पाहिलंय. खिडकीतून धुकंच होतं, पण हाताला जनावर कळतं. हात अजून शाबूत आहे तर!

भिंगातून मात्र बारीक घुरघुर येत होती. थंडीनं असेल.

फोटो बघून हे इतके खूश झाले की मलाच संशय आला. एरवी माझे फोटो बघताना जांभई लपवणारा माणूस, आज उठून टाळ्या वाजवायला लागला. म्हणाले, "जमलं! जमलं!" काय जमलं? फोटो मी काढले की यांनी?

९ जानेवारी

दिवसभर वादळ. हे लेकीशी फोनवर बोलत होते, आतल्या खोलीत, दार लोटून. मी दार उघडताच म्हणाले, "हो हो, आई मजेत आहे." अजून मी कोणाला मजेत असल्याचं सांगितलेलं नाही.

११ जानेवारी

आज वाटाड्याचं वागणं मला मुळीच आवडलं नाही. सकाळी आडोशाकडे जाताना तो पुढे उभा दिसला. मी हाक मारली, "काय, आलेत का पाहुणे?" ओ नाही. पुन्हा हाक मारली, हात केला. ढिम्म. एवढा कसला ताठा? तेवढ्यात तोच मागून आला. म्हणजे पुढे उभा होता तो दुसराच कोणीतरी. विचारलं तर म्हणतो, "कोणी नाही ताई, चला." मग मी पायवाट जरा सोडली तर या गृहस्थानं माझा दंड असा घट्ट धरला की मी ओरडलेच. म्हणे पुढे खड्डा आहे. मला तरी सपाट बर्फ दिसत होता.

आता आडोशात बसल्यावर तो माझ्या खांद्याला बोटानं टोचून दिशा दाखवतो. पूर्वी असं कधी करत नसे. आणि हे, जे कधी शेगडी सोडून हलत नाहीत, ते हल्ली रोज सकाळी माझ्याबरोबर येऊन बसतात. म्हणे घरी करमत नाही. रक्त बघितलं की यांना घेरी येते, आणि हे शिकार बघायला येणार! मला एकटीला सोडायचं नाही असं यांचं तिघांचं ठरलेलं दिसतंय. लाल टोपीला माझी जागा हवी आहे, वाटाड्या त्याला सामील झालाय, आणि हे? यांना काय मिळणार? हाच प्रश्न मला छळतोय. बहुतेक यांना मी घरी हवी आहे. फोटो बिघडले की बायको आपोआप घरी बसेल, इतका सरळ हिशेब. कित्येकदा म्हणालेत, "पुरे झालं आता, शेगडीजवळ बसून चित्रं रंगव."

पण तसं असेल तर आठ तारखेपासूनचे फोटो इतके चांगले कसे आले? कालचे तर उत्तमच. कुठंतरी पाणी मुरतंय एवढं नक्की.

१२ जानेवारी

चोर सापडला! म्हणजे चोरी सापडली. सकाळी आडोशात सवयीनं भिंगावरून बोट फिरवलं, आणि बटण वर! माझं बटण, जे मी आयुष्यात वर केलं नाही. नजरेला कधी दिसलं नसतं, पण हाताला लागलं. म्हणजे हे लोक माझा कॅमेरा आपोआपवर टाकून ठेवतात, ऐन शिकारीच्या वेळी तो एखाद्या काटकीवर फोकस धरावा म्हणून. आणि तसा फोकस गेला की खापर माझ्या हातावर, माझ्या वयावर. वा! डोळ्यांत तेल घालून राखण केली तरी घात व्हायचा तो झालाच असता.

मी काही बोलले नाही. यांच्याकडे बघितलं. हे पलीकडच्या उताराकडे बघत होते, साळसूदासारखे. मी बटण खाली केलं आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली, एक नाही, चांगले तीन वेढे. संध्याकाळी कॅमेरा पडवीत ठेवला नाही. पिशवीत बंद करून खिडकीच्या थंड कट्ट्यावर, माझ्या डोळ्यांदेखत ठेवला. हे म्हणाले, "आज इथं का?" म्हटलं, "उंदीर झालेत पडवीत." हे दोनदा उठून खिडकीपाशी गेले, मी दोनदा उठून गेले, मग दोघं आपापल्या पांघरुणात.

मनात आलं की सरळ विचारावं. पण विचारलं आणि हे हो म्हणाले तर? मग त्यापुढे मी या माणसाबरोबर कोणत्या घरी जाणार?

१३ जानेवारी

शिकार!

 सगळं क्रमानं लिहिते. उजाडल्यावर आम्ही आडोशात बसलो. हे सारखे माझ्या कॅमेऱ्याकडे बघत होते. एकदा म्हणाले, "दे जरा, पुसून देतो." मी दिला नाही. वाटाड्यानं उजव्या खांद्याला टोचलं. उतारावरून काहीतरी गडद खाली आलं, मागे चार-पाच ठिपके. हरीण! सरळ तळ्यावर उतरलं. खुरांचा तो आवाज मी कधी विसरणार नाही, काचेवर कोणी लाकडी खोके आपटावेत तसा. मी भिंगावरचं फोकसचं कडं फिरवत होते, फोटोचा खटका दाबत होते, कडं फिरवत होते. हरणाचा पाय गेला. ते आडवं झालं आणि ठिपके त्याच्यावर तुटून पडले. मोठी मादी पुढे होती, तिनं मान धरली, मी पाहिलं, मान मागे वळली आणि सगळं एकत्र कोसळलं. मी ओरडले, "धरलं! मानेला धरलं!" आडोशात ओरडायचं नसतं हे मी इतरांना शिकवते, आणि आज मीच ओरडले. मी यांचा हात धरला. "धरलं ना हो? पाहिलंत ना?"

यांनी तळ्याकडे आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. धरलं."

मी रडले. साठी उलटलेली बाई बर्फात बसून भोकाड पसरून रडली. यांनी माझे डोळे पुसले, स्वतःच्या मफलरनं. माझ्या मनात यांच्याबद्दल काय काय होतं ते आठवून मला लाज वाटली, पण सांगितलं नाही. चिकटपट्टीमुळे वाचले, हेही खरंच आहे.

वाटाड्या तोंड फिरवून उभा होता. त्याला म्हटलं, चला, जवळ जाऊन बघू. तर म्हणाला, "नको ताई, पाहुणे गेले." शिकार टाकून? म्हणे, गेले. ओढत झाडीत नेलं असणार. परतताना लाल टोपी भेटला. तो पलीकडच्या टेकाडावर होता. म्हणाला, "वाईट झालं मॅडम, इतक्या जवळ येऊन." जळफळाट दुसरं काय! मी म्हटलं, "तुझ्यासाठी वाईट झालं असेल." त्यानं यांच्याकडे बघितलं, यांनी मान हलवली.

शिकार चालू असताना मागच्या पडद्यावर मी कधी बघत नाही. ज्यानं खाली बघितलं त्याची शिकार गेली. आणि आता कॅमेरा बंद पिशवीत आहे, तो हळूहळू उबेवर आल्याशिवाय उघडायचा नाही. उद्या सकाळी उघडेन. प्रकाशकाला फोन करून सांगितलं, शेवटची दोन पानं मोकळी ठेव, शिकार येतेय. हे शेजारी बसून ऐकत होते. "फोटो बघून मग कळवलं असतंस," म्हणाले. आनंदात विरजण घालायची केवढी हौस!

१४ जानेवारी

लिहायचं नव्हतं. पण न लिहिता बसवत नाही.

सकाळी फोटो उघडले. जवळून मला अजून सगळं स्पष्ट दिसतं, हे आधी सांगते. शिकारीचा एकही फोटो धड नाही. सगळा कापूस. पिंजलेला करडा कापूस. आधी वाटलं, पडद्याची गडबड आहे. मग आठ तारखेपासूनचे फोटो लावले. मिशांवरचं दव तसंच, कडक. दहा तारखेचे, अकराचे, सगळे कडक. म्हणजे बटण वर होतं तेव्हाचे चांगले आणि मी हातानं काढले ते कापूस. हे समजायला मला बराच वेळ लागला. मी उलट दिशेनं सुद्धा विचार करून पाहिला. जमेना.

मग पुन्हा तो कापूस बघितला, एकेक करून, अगदी नाकाला लावून. कापसालाही आकार असतोच. हरीण घसरतं. आडवं होतं. ठिपके जवळ येतात. मग हरीण उभं आहे. मग ते पलीकडच्या काठावर आहे. शेवटच्या फोटोत ते झाडांपाशी उभं आहे, मान वर करून, आणि पाचही ठिपके तळ्यावर पांगून बसलेत. मान कोणी धरलीच नाही.

मी यांना हाक मारली. हे आले आणि पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत उभे राहिले. तेव्हाच मला कळलं.

"बटण तुम्ही वर करत होता."

"हो."

"का?"

"तुला दिसत नाहीये गं," हे म्हणाले. "त्या दिवशी तू ओंडक्याला हाक मारलीस. वाटाड्या समजून. हात करून विचारलंस, पाहुणे आलेत का."

मला हसू फुटलं आणि तसंच रडूही. "मग सांगायचं होतं!"

"रोज सकाळी ठरवायचो. म्हटलं, एवढी एक शिकार होऊ दे, मग सांगू. त्या लाल टोपीच्या पोराकडून बटण शिकून घेतलं. तू चिकटपट्टी लावलीस ते मी पाहिलं, पण सोडवायची कशी? तू डोळा काढत नव्हतीस पिशवीवरून."

"आणि काल? धरलं म्हणालात."

हे खाली बसले. चष्मा काढून पुसायला लागले, पुसतच राहिले. "तू इतकी खूश होतीस," म्हणाले. "इतकी वर्षं हेच एक मागत होतीस तू. माझ्या तोंडून नाही निघालं."

मी खूप बोलले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मला राग बटणाचा नव्हता, फोटोचाही नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर जी शिकार झाली ती मी स्वतःच मनानं उभी केली होती आणि यांनी तिला हो म्हटलं, त्याचा राग होता. आणि मोठा राग माझाच मला. मी जर पट्टी लावली नसती तर हरीण सुटलेलं का होईना, कडक आलं असतं. दहा दिवस मी सगळ्यांच्या डोळ्यांवर पहारा ठेवला, एक स्वतःचे सोडून.

दुपारी लेकीला फोन केला. डॉक्टरांकडे पुन्हा नाव घाल म्हटलं. ती लगेच म्हणाली, "घातलेलंच आहे, आई. मी काढलंच नव्हतं." सगळे एकजात खोटारडे. प्रकाशकाला काय सांगायचं ते सुचत नाही.

१५ जानेवारी

आज निघायचं होतं. सकाळी वाटाड्या येऊन म्हणाला, "पाहुणे उपाशी आहेत, ताई. पुन्हा येतील." मी नको म्हणाले. हे म्हणाले, "चल." इतके दिवस मी पुढे आणि हे माझ्या मागे यायचे, आज यांनी मला नेलं.

चिकटपट्टी मी सोडली, बटण मी वर केलं. वाटाड्याला यांनी मागे बसवलं आणि स्वतः माझ्या कानाशी बसले. पण या माणसाला जंगलातलं काही सांगता येत नाही. डावीकडची वाळकी फांदी म्हणजे कोणती, तिच्या पलीकडचा खडक म्हणजे कोणता, यांचा सगळा गोंधळ. शेवटी आपल्या धंद्यावर आले. "आपण बसलोय तो तबकडीचा मधला आस," कानात म्हणाले. "अकराच्या जरा पुढे. आता साडेअकरा. काट्याच्या टोकापाशी, लांब. हां, तिथं." मी कॅमेरा वळवला. खिडकीत पिवळट उजेड आणि त्यात हलणारं काहीतरी, एवढंच मला दिसत होतं.

"हरीण आलं," हे म्हणाले. "एकटंच. मागे ते सगळे. बारा. बारा वाजून गेले. थांब. थांब. आता."

मी दाबलं. दाबून धरलं. भिंग घुरघुरत होतं. खुरांचा आवाज झाला, मग काही तरी बर्फावर घसरत गेल्याचा, मग बरंच काही, आणि मग शांत. यांचा श्वास माझ्या गालावर येत होता. यांना रक्त बघवत नाही हे मला माहीत आहे, तरी डोळे उघडे ठेवून बसले होते.

मी विचारलं, "धरलं?"

 माझ्या बोटांवर यांचं बोट होतं, ते घट्ट झालं. परवाच्यासारखं हो म्हणणं किती सोपं होतं, आणि मला काय ऐकायचंय हे दोघांनाही ठाऊक होतं. संध्याकाळच्या गाडीनं परत, मग डॉक्टर, मग कोणास ठाऊक. पुढचा हिवाळा तर नाहीच.

"नाही," हे म्हणाले. "सुटलं."

"नक्की?"

"नक्की. समोरच्या काठावर उभं आहे. आपल्याकडे बघतंय."

दोन पानं गेली. मी कॅमेरा खाली ठेवला आणि तो पिशवीत घातला. घरी येऊन सामान बांधलं, पिशवी उबेवर आली, उघडायची वेळ झाली, होऊनही गेली. हे दोनदा म्हणाले, "बघ तरी एकदा, काय आलंय." मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत ना.